वन्दा, बांडगूळ आणि आमरी : झाडावरच्या झाडांचा इतिहास, नीरेच्या काठाने



पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत हल्ली ‘एअर प्लांट’ नावाची छोटी रोपं विकायला असतात. माती नाही, कुंडी नाही. तारेत अडकवायची आणि अधूनमधून पाण्यात बुचकळायची, बस. ही रोपं बहुतेक टिलँडसिया या कुळीची, म्हणजे मूळची अमेरिका खंडातली. ती बघितली की हमखास प्रश्न येतो : आपल्याकडे अशी हवेवर जगणारी झाडं आहेत का?

आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी शब्दांच्या जंगलातून जावं लागतं. बांडगूळ, आमरी, वांदा, अमरवेल, अपिवनस्पती हे सगळे शब्द झाडावर वाढणाऱ्या झाडांसाठीच आहेत, पण त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. पीएचडीच्या तयारीत असलेल्यांसाठी या लेखात एवढंच सांगायचं आहे : वनस्पतीच्या इतिहासात नाव हा पहिला पुरावा असतो आणि पहिला सापळाही तोच असतो. उदाहरणासाठी मुद्दाम एक कोरडं गाव घेतलं आहे, इंदापूर तालुक्यातलं कळंब. घाटातलं एखादं गाव घेतलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण शिकायला कमी मिळालं असतं.

टिलँडसिया हे नाव कुठून आलं?

सुरुवात परदेशी नावापासून करू, कारण तिथे गंमत आहे. सतराव्या शतकात एलियास टिलँड्झ नावाचा वैद्य आणि वनस्पतिज्ञ होता, आजच्या फिनलंडमधल्या तुर्कू शहरात तो शिकवायचा. त्याच्याबद्दल लिनियसने एक किस्सा नोंदवला आहे. समुद्रप्रवासात त्याला इतका त्रास झाला की परत येताना त्याने बोट टाळली आणि आख्ख्या आखाताला वळसा घालून जमिनीवरून आला. लिनियसला ही कोरडी दिसणारी अमेरिकन झाडं भेटली तेव्हा त्याला वाटलं, यांनाही पाणी सोसत नाही. म्हणून नाव दिलं टिलँडसिया.

प्रत्यक्षात हे उलटं आहे. टिलँडसियाला पाणी हवंच असतं, फक्त ते मुळांतून नको असतं. तिच्या पानांवर सूक्ष्म खवल्यांसारखे केस असतात. पाऊस, धुकं, दव यांतलं पाणी ते केस टिपून घेतात. मुळांचं काम मुख्यतः धरून ठेवण्याचं. म्हणजे ज्या गैरसमजातून नाव पडलं तो केव्हाच दूर झाला, पण नाव राहिलं. हे ध्यानात ठेवा. शास्त्रीय नाव म्हणजे त्या वनस्पतीची व्याख्या नव्हे. नाव देणाऱ्याला त्या वेळी काय वाटलं होतं, त्याची ती नोंद असते.

खाणारी आणि बसणारी

आता आपल्याकडे येऊ. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘वन्दा’ हा शब्द येतो आणि त्याचे पर्याय म्हणून वृक्षादनी, वृक्षरुहा, जीवन्तिका हे शब्द येतात. यातले मधले दोन शब्द शेजारी ठेवून बघा. ‘वृक्षादनी’ म्हणजे झाड खाणारी. ‘वृक्षरुहा’ म्हणजे झाडावर उगवणारी. आजच्या वनस्पतिशास्त्रात या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली परजीवी, दुसरी अपिवनस्पती.

परजीवी वनस्पती यजमान झाडाच्या सालीतून आत शिरते, त्याच्या नळ्यांना आपलं शोषक मूळ जोडते आणि पाणी, क्षार ओढून घेते. आंब्यावर दिसणारं बांडगूळ हे याचं नेहमीचं उदाहरण. त्याला स्वतःची हिरवी पानं असतात, म्हणजे अन्न ते स्वतः बनवतं. चोरी फक्त पाण्याची आणि क्षारांची. अमरवेल त्याच्याही पुढची. पिवळी, बिनपानांची, तिचा सगळाच कारभार उसनवारीवर.

अपिवनस्पती फक्त बसायला जागा घेते. पाणी पावसाचं, दवाचं. क्षार सालीवर साचलेल्या धूळ-पाचोळ्यातले. ‘अपिवनस्पती’ हा मराठी विश्वकोशातला शब्द, आणि त्यातलं ‘अपि’ हे ग्रीक ‘एपि’चं संस्कृतातलं भावंड आहे.

कोशकाराने दोन्ही शब्द एकाच ओळीत बसवले याचा अर्थ लोकांना फरक कळत नव्हता असा होतो का? इथे घाई करू नका. कोशाचं काम एका शब्दाला पर्याय देणं हे असतं, वर्गीकरण करणं नव्हे. त्या काळचं निरीक्षण नेमकं काय होतं ते कोशातून कळत नाही. एवढं मात्र नक्की कळतं, की ‘वर उगवते’ आणि ‘खाते’ या दोन्ही कल्पनांना तेव्हा स्वतंत्र शब्द होते.

कोचीनचे वैद्य

दुसरा पुरावा सतराव्या शतकातला. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेड याने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करायला घेतला, ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले. ऱ्हेड स्वतः १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात, जहाजावरच वारला, आणि त्याला सुरतेत पुरलं. शेवटचे खंड त्याने छापलेले बघितले नाहीत.

या ग्रंथाचं मूळ ज्ञान स्थानिक वैद्यांचं. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य त्यात प्रमुख. त्यांच्याबरोबर रंगभट्ट, विनायक पंडित आणि आपुभट्ट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये देवनागरीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलं आहे. आपल्या लिपीच्या छपाईचा इतिहास शिकणाऱ्यांना ते पान माहीत असतं. वनस्पतींच्या इतिहासवाल्यांनीही बघायला हवं.

आपल्या मुद्द्याला लागणारी गोष्ट अशी : या ग्रंथात ऑर्किडना ‘मरवाळ’ अशा धर्तीची मल्याळी नावं आहेत. मरम् म्हणजे झाड, वाळ म्हणजे केळ, झाडावरची केळ. आणि बांडगुळांना नाव आहे ‘इत्तिकण्णि’. दोन गटांना दोन सरळ वेगळी नावं. म्हणजे ‘एपिफाइट’ हा शब्द युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ होण्याच्या सव्वाशे वर्षं आधी, मलबारच्या वैद्यांच्या रोजच्या बोलण्यात हा फरक होता.

पुढे १७५३ मध्ये लिनियसने झाडावरच्या ऑर्किडना ‘एपिडेंड्रम’ या एकाच पोत्यात भरलं. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचं. जवळजवळ ‘वृक्षरुहा’चंच भाषांतर, जरी त्याने संस्कृत बघितलं नव्हतं. आपण जिला सीतेची वेणी म्हणतो, ती त्याची एपिडेंड्रम रेटुसम. आज ती ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा.

‘वन्दा’ जगभर कसा गेला

१७९५ या सालात दोन गोष्टी घडल्या. विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात एका ऑर्किडचं वर्णन छापलं, नाव एपिडेंड्रम टेसेलाटम. त्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये विल्यम जोन्सची वनस्पतींवरची टिपणं आली (जोन्स आदल्या वर्षीच वारला होता), आणि त्यात त्याने ‘वन्दा’ हा देशी शब्द घेतला. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउनने तोच शब्द प्रजातीचं अधिकृत नाव म्हणून पक्का केला. रॉक्सबर्गचं ऑर्किड आज व्हँडा टेसेलाटा आहे.

काय झालं बघा. संस्कृतात ज्या शब्दाच्या पोटात ‘झाड खाणारी’ हा अर्थ होता, तो लॅटिनमध्ये गेला आणि झाडाला अजिबात न खाणाऱ्या ऑर्किडचं नाव बनला. इकडे बांडगुळाला १८३० मध्ये जे नाव मिळालं ते ‘डेंड्रोफ्थो’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडाचा क्षय. म्हणजे ‘वृक्षादनी’ हा अर्थ ग्रीकमधून परत आला, पण ‘वन्दा’ शब्दापासून सुटा होऊन.

देशी भाषांत मात्र जुनी सरमिसळ चालूच आहे. बांदा, वांदा हे शब्द कुठे बांडगुळाला, कुठे व्हँडाला वापरतात. औषधांच्या बाजारात आणखी गुंता : ‘रास्ना’ म्हणून बंगालकडे व्हँडा टेसेलाटाची मुळं चालतात, दक्षिणेत कुलिंजन, तर अधिकृत औषधिकोशात प्लुचिया लॅन्सिओलाटा ही जमिनीवरची वनस्पती आहे. जुन्या कागदात ‘रास्ना’ दिसली म्हणून तिथे ऑर्किड होतं असं लिहिलंत, तर परीक्षक पहिल्याच पानावर थांबवतील.

आणि खरंखुरं ‘हवेचं रोप’? तेही आपल्याकडे आहे. पोर्तुगीज जेझुइट जुआंव द लोरेरो याने व्हिएतनाममध्ये अनेक वर्षं राहून १७९० मध्ये ग्रंथ छापला. नुसत्या हवेत टांगून ठेवलं तरी वाढणाऱ्या एका ऑर्किडला त्याने ‘एरिडिस’ नाव दिलं, म्हणजे हवेचं अपत्य. याच प्रजातीतली एरिडिस मॅक्युलोझा आणि एरिडिस क्रिस्पा ही आपल्या सह्याद्रीतली आमरी आहे. नर्सरीतलं टिलँडसिया आपल्याकडे येण्याच्या फार आधीपासून सह्याद्रीच्या फांद्यांवर ‘एअर प्लांट’ होतं, त्याचं लॅटिन नावही तेच सांगत होतं.

नीरेच्या उतारावर

आता नकाशा समोर घ्या. नीरा नदी भोर तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेकडे वाहते, बारामती-इंदापूरच्या दक्षिण कडेने येते आणि नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. कळंब याच खालच्या पट्ट्यात, वालचंदनगरच्या शेजारी. नदी एकच, पण हवा दोन टोकांची. वर घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस आणि पावसाळाभर धुकं; खाली पर्जन्यछायेत जेमतेम पाचशेच्या आसपास, तोही लहरी.

अपिवनस्पतीसाठी हा फरक जीवनमरणाचा. वरच्या भागात फांद्यांवर शेवाळाची गादी असते, त्यात डेंड्रोबियम, एरिडिस, बाशिंगासारखे नेचे रुजतात. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात साठवलेलं अन्न जवळपास नसतंच. रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते, हे १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं. ओलावा गेला की शेवाळ जातं, बुरशीला जागा राहत नाही आणि मग बी पडूनही उपयोग नाही.

खाली कोण टिकतं? तीन गट.

पहिला, बांडगूळ. त्याला हवेच्या ओलाव्याची फिकीर नाही. आंब्याचं किंवा बाभळीचं मूळ जमिनीतून पाणी ओढतंच आहे. म्हणून कोरड्या मुलखात फांदीवर हिरवा झुबका दिसला तर तो परजीवी असण्याची शक्यता जास्त. त्याचा प्रसार पक्ष्यांवर. सालिम अलींनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये कोकणातल्या निरीक्षणांवरून दाखवलं की शिंजीर आणि फुलटोचे हे या झाडाच्या परागीभवनात आणि बी पसरवण्यात कसे भाग घेतात. त्या लेखात वनस्पतीचं नाव ‘लोरँथस लाँगिफ्लोरस’ आहे. आज शोधताना डेंड्रोफ्थो फाल्काटा टाकलंत तर हा लेख कदाचित हाती लागणारच नाही. जुनी नावं माहीत असण्याचा हा अगदी व्यावहारिक फायदा.

दुसरा गट, वड आणि पिंपळ. हो, तेच. पक्ष्याच्या विष्ठेतून बी एखाद्या झाडाच्या बेचक्यात, ढोलीत किंवा देवळाच्या शिखरावर पडतं, तिथेच रुजतं आणि काही वर्षं अधांतरी जगून मग मुळं जमिनीवर सोडतं. आयुष्याचा पहिला भाग अपिवनस्पतीचा, नंतरचा साध्या झाडाचा. असा गट शिंपरच्या १८८८ च्या ग्रंथातही आहे. तो अमेरिकेतल्या अपिवनस्पतींवरचा ग्रंथ, पण त्याने मांडलेली विभागणी आपल्या पडक्या वाड्याच्या भिंतीलाही लागू पडते.

तिसरा गट, व्हँडा टेसेलाटा. द्वीपकल्पाच्या कोरड्या मैदानांत तग धरणाऱ्या मोजक्या ऑर्किडांपैकी हे एक. जाड पानं, मुळांवर पांढरं स्पंजासारखं वेष्टण, जे पावसाचे चार थेंब लगेच शोषतं, आणि पानांवरची छिद्रं दिवसा बंद ठेवून रात्री उघडायची सवय, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. अशी व्यवस्था टिलँडसियातही आहे. हजारो मैल लांबच्या, नात्याने दूरच्या दोन वनस्पतींनी कोरड्या फांदीवर राहण्याचा तोच तोडगा काढला.

पाटाचं पाणी आणि फांदी

इथे इतिहासाचा आणखी एक धागा येतो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरची शेती बदलत गेली. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या परिसरात ऊस, साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. सरकारी अहवालांत या बदलाची गोष्ट एकरांत आणि टनांत लिहिलेली आहे.

फांदीच्या बाजूने बघितलं तर गोष्ट निराळी दिसते. पाटाचं पाणी जमिनीला मिळालं, मुळांना मिळालं. फांदीवर बसलेल्या ऑर्किडला ते मिळत नाही. त्याला पाऊस, दव आणि जुनी खरबरीत साल हवी. बांडगुळाला मात्र मिळतं, कारण त्याचा नळ थेट यजमानाला जोडलेला. म्हणजे एकाच कालव्याने झाडावरच्या दोन रहिवाशांना दोन वेगळे न्याय दिले असणार. हा माझा तर्क आहे, निष्कर्ष नव्हे. पण तपासता येईल असा तर्क आहे, आणि संशोधनाचा प्रश्न असाच बांधायचा असतो.

नोंद नसणे म्हणजे काय

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींच्या याद्यांची एक साखळी आहे : जॉन ग्रॅहम (१८३९), डालझेल आणि गिब्सन (१८६१), थिओडोर कुकचा ‘फ्लोरा’ (१९०१ ते १९०८), आणि फक्त ऑर्किडांसाठी सांतापाव आणि कपाडिया (१९६६). त्या वाचताना दोन गोष्टी बघा.

एक, माणसं कोण? कुकच्या पुस्तकात ठिकाणापुढे गोळा करणाऱ्याचं नाव असतं. त्यात भिवा, कानिटकर अशी नावं भेटतात. नावापुढचं उद्गारचिन्ह आश्चर्याचं नसतं. लेखकाने तो नमुना स्वतः बघितला आहे, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजांच्या नावावर असलेल्या ग्रंथांमागे डोंगर चढणारे पाय कोणाचे होते, ते या छोट्या नावांवरून कळतं.

दोन, ठिकाणं कुठली? खंडाळा, महाबळेश्वर, कोकण, कारवार पुन्हा पुन्हा येतात. तिथे वनस्पती जास्त आहेत हे खरंच, पण तिथे थंड हवेची ठिकाणं, रेल्वे आणि डाकबंगलेही होते. म्हणून एखाद्या कोरड्या गावाच्या नावापुढे ऑर्किडची नोंद नसेल तर तीन शक्यता ठेवा : झाड नव्हतं, झाड होतं पण बघायला कोणी गेलं नाही, किंवा कोणी बघितलं पण ‘बांडगूळ’ म्हणून सोडून दिलं. तिसरी शक्यता शब्दांच्या इतिहासातून येते, म्हणून तर वरचं सगळं सांगितलं.

या तिसऱ्या शक्यतेची किंमत आजही मोजावी लागते. मराठीत ‘बांडगूळ’ ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण तेच म्हणतो. शेतकरी आंब्यावरचं बांडगूळ कापतो ते योग्यच, नाहीतर फांदी वाळते. पण त्याच कोयत्याखाली फांदीवर नुसती बसलेली आमरी गेली, तर तिचा गुन्हा फक्त तिला मिळालेल्या नावाचा. रस्त्याकडेचं एक जुनं झाड तुटलं की त्यावरचे सगळे भाडेकरू बेघर होतात, आणि पंचनाम्यात झाड एकच लिहिलं जातं.

कळंबला काम करायचं असेल तर

कोणी हा विषय घ्यायचं ठरवलंच, तर सुरुवात अशी करता येईल.

गावात विचारताना ‘ऑर्किड आहे का?’ किंवा ‘बांडगूळ आहे का?’ असं विचारू नका. दोन्ही प्रश्नांत उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘झाडावर वाढणारं दुसरं काय काय बघितलंय?’ असं विचारा आणि आजी-आजोबा जो शब्द देतील तो जसाच्या तसा, उच्चारासकट लिहा. मग तो शब्द मोल्सवर्थच्या कोशात बघा, १८३१ ची आवृत्ती आणि १८५७ ची सुधारित, दोन्हींत.

झाडाजवळ गेल्यावर सांधा बघा. फांदी तिथे फुगून गाठ झाली आहे आणि वरचं झाड त्यातूनच निघाल्यासारखं दिसतंय, तर परजीवी. मुळं सालीवरून पसरली आहेत, आत शिरलेली नाहीत, तर अपिवनस्पती. हे बघायला उपटायची गरज नाही. दुर्बीण आणि फोटो पुरतात. ऑर्किड तर अजिबात काढू नका.

नोंदवहीत चार रकाने ठेवा : लोकांनी दिलेलं नाव, यजमान झाड, सांध्याचं वर्णन, आणि सगळ्यात शेवटी शास्त्रीय नाव. क्रम मुद्दाम असा आहे. शास्त्रीय नाव आधी लिहिलं की बाकीचे रकाने त्याला जुळवून भरायचा मोह होतो.

आणि हे सगळं करून कळंबच्या शिवारात एकही ऑर्किड सापडलं नाही, तर? तरीही नोंद करा. कुठली झाडं बघितली, किती, कोणत्या महिन्यात, कोणाला विचारलं, सगळं लिहा. बघून केलेली ‘नाही’ची नोंद आणि न बघता राहिलेली रिकामी जागा छापील यादीत सारखीच दिसतात. पन्नास वर्षांनी कोणीतरी तीच यादी उघडेल, तेव्हा त्याला या दोन्हींतला फरक तुमच्या वहीतूनच कळेल.